फिजिक्सच्या यादीतलं तेरावं नाव

नारेच्या आईकडे तीनशे ग्रॅम मागितलं की साडेतीनशे मिळायचं. काट्यावर आकडा बरोबर आला की तिचा चिमटा पुन्हा परातीत जायचा आणि डब्यात वर एक घास पडायचा. "काटा काय बघता ताई, डबा बघा," म्हणायची. सोक्चन गावच्या बाजारात तोंडीलावण्यांची तीन दुकानं होती, पण आमच्या इमारतीतल्या बायका रस्ता ओलांडून तिच्याकडेच जायच्या. सोया सॉसमध्ये मुरवलेली कमळकाकडी, लसणाचे कोवळे दांडे, तिखटात परतलेली सुकी बारीक मासळी. बाकी दुकानांतही हेच असायचं. वरचा घास मात्र तिथे नव्हता.

तिचं नाव प्यो मल्सुन. हे मला दुकानाच्या भिंतीवरच्या परवान्यावरून कळलं, तेही ओळख होऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर. आमच्याकडे कोरियात मूल झालं की बाईचं नाव मुलाच्या नावामागे जातं. ती नारेची आई, मी सोयुलची आई. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून ती मला ताई म्हणायची. आणि मी शिकलेली. गावच्या वाचनालयात नोकरीला, नवरा पंचायतीच्या कचेरीत. "तुमचं काय ताई, तुम्हाला कळतं," हे ती इतक्या सहज म्हणायची की ऐकताना मला बरं वाटायचं. ते बरं वाटणंच पुढे मला नडलं.

तिचं शिक्षण देगू शहरातल्या एका सूतगिरणीत झालं होतं. नववीनंतर बापाने तिला तिकडे पाठवलं. गिरणीच्या आवारातच शाळा होती. सकाळची पाळी करून मुली दुपारी वर्गात बसायच्या. एकदा लसणाचे दांडे निवडता निवडता मी तिला विचारलं होतं, कोणते विषय घेतले होतेस.

"घेतले? घेतले कसले ताई!" ती हसली. "घंटा झाली की जो मास्तर आत येईल तो विषय. जमाखर्च, टंकलेखन, मणी सरकवायची गणितं. निम्म्या पोरी झोपलेल्या. मास्तर पण म्हणायचे, झोपा, झोपा, पण घोरू नका."

"आणि तू?"

"मला नकाशे आवडायचे. भूगोलाचे एक मास्तर आले होते. महिनाभर आले आणि गेले. नद्या तेवढ्या झाल्या. डोंगर राहिले." मग दांड्यांची जुडी पाण्यात बुचकळत म्हणाली, "आता ट्रकवाल्याशी लग्न केल्यावर डोंगर घरबसल्या ऐकायला मिळतात."

नवरा ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात दोन मुली, नारे आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान आरम. नारे आणि माझी सोयुल एका वर्गात.

दोघी दहावीत होत्या तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरात, घरोघरी हिवाळ्यासाठी कोबी-मुळ्याची तिखट किमची मुरत घालायची गडबड चालू असताना शाळेतून फॉर्म आला. पुढच्या वर्षी विज्ञान आणि समाज मिळून अकरा विषय, त्यातले कुठलेही तीन मुलांनी आपल्या आवडीने निवडायचे. मी तो फॉर्म वाचून फ्रिजवर चिकटवला. नारेच्या आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानात परवान्याशेजारी टांगला. तिखटाचे हात लागू नयेत म्हणून.

"बघा ताई, काय लिहिलंय वर. 'तुम्हाला काय शिकायला आवडेल?'" हातमोजे काढून तिने ती ओळ बोटाने दाखवली. "पोरीला विचारतायत!"

नारेचं ठरलेलं होतं. तिला नर्स व्हायचं होतं, त्यामुळे जीवशास्त्र, समाज आणि संस्कृती, आणि नीतिशास्त्र. नीतिशास्त्रात म्हणे रोग्याला त्याच्या आजाराचं खरं सांगावं की नाही यावर वाद घालायला लावतात. दुकानात उभी राहून ती आईशी तो वाद आत्तापासूनच घालत होती. "आई, समज तू मरणार आहेस." "मी मेले तर मुळ्याची किमची कोण घालेल? पुढचं बोल."

आवडीने निवडा असं शाळा म्हणत होती, पण मुलं आणि आया तो फॉर्म तसा वाचत नव्हत्या. त्या वर्षांत शाळेतले गुण नऊ पायऱ्यांत वाटायचे. पहिली सगळ्यांत वरची, नववी तळची. शंभरातल्या वरच्या चौघांना पहिली पायरी, आणि वर्ग लहान असला तरी हिशेब त्याच प्रमाणात. वर्गात तेरा मुलं असली तर तो हिशेब अर्ध्या माणसाच्या जरा वर जातो, म्हणून एकाला पहिली पायरी मिळते. बारा असली तर अर्ध्याच्या जरा खाली राहतो, आणि मग ती कुणालाच मिळत नाही, मुलगा कितीही हुशार असो. त्यामुळे विषय काय आहे यापेक्षा तो आणखी कितीजण घेतायत हाच प्रश्न आधी यायचा. मोठ्या शहरांतल्या शाळांत हे भागून जातं. आमच्या शाळेत दहावीला मुलंच अठ्ठेचाळीस.

विषयांचं सगळं बघणारे कू सर होते. त्यांनी पालकांची सभा घेतली, पडद्यावर आकडे दाखवले. जीवशास्त्र एकतीस. समाज आणि संस्कृती अठ्ठावीस. बरंच खाली फिजिक्स, बारा.

"बारा," कू सर म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. "शाळा कुणाला काही घे, काही सोड असं सांगत नाही. निवड मुलांची. अंतिम यादी तीन आठवड्यांनी."

ते एवढंच बोलले. पण सभेनंतर चपला घालायच्या जागी आम्ही फिजिक्सवाल्या आया आपोआप एकत्र आलो. औषधदुकानवाल्या बाई, इन्सोपच्या आई, हळूच म्हणाल्या, "एक कुणीतरी हवंय बाई. पाया भरल्याशिवाय वरचा मजला कसा चढणार?"

"पायात कोण जाणार पण?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या सोयुलला राजधानीत, सोलला, इंजिनिअरिंगला जायचं होतं, आणि फिजिक्समध्ये पहिली पायरी नसली तर तिथे कुणी अर्जही उघडत नाही असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो.

घरी येताना मी दुकानात शिरले. कोबीचे गड्डे मिठात पडलेले, नारेची आई कोपरापर्यंत लाल. मी कमळकाकडी मागितली. डबा भरून झाल्यावर भिंतीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाले,

"नारेने फिजिक्स नाही का घेतलं?"

"फिजिक्स? तिला? छे हो ताई."

"नाही, नर्सिंगला फिजिक्स घेतलेलं बरं दिसतं म्हणे. आजकाल मशिनंच असतात ना सगळी दवाखान्यात."

असं कुणीही म्हणालेलं नव्हतं. मी तिथे, त्या मिठाच्या वासात, ते तयार केलं होतं.

नारेच्या आईने हातमोजे काढले, पिशवी उतरवली, फॉर्म बाहेर काढला. "कुठलं काढू मग? तीनच घ्यायचेत."

"नीतिशास्त्र काढ. वाद काय, घरीही घालता येतो."

ती हसली. माझ्यापुढेच पेन्सिलीने एक टिंब केलं. शाळेतून आल्यावर नारेशी बोलते म्हणाली. नारे आईचं ऐकणारी मुलगी. आणि आई माझं ऐकणारी. मी डबा घेऊन निघाले तेव्हा मागून तिने हाक मारली, "ताई, थांबा!" आणि मुळ्याच्या किमचीची एक पिशवी हातात कोंबली. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कुठलं कळणार होतं."

अंतिम यादीत फिजिक्सला तेरा नावं होती.

इथपर्यंतचं मी कदाचित विसरूही शकले असते. फेब्रुवारीतलं विसरता येत नाही. मार्चात शाळेचं नवीन वर्ष सुरू होण्याआधी शाळा एक आठवडा देते, विषय बदलायचा असला तर बदला म्हणून. त्या आठवड्यात बुधवारी नारे वाचनालयात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली, खिशातून दोन संत्री काढून टेबलावर ठेवली, आणि वाकून नमस्कार केला.

"काकू, मी पुस्तक चाळून बघितलं. फिजिक्स मला जमणार नाही असं वाटतंय. शुक्रवारपर्यंत बदलता येतं. पण आई म्हणाली, आधी काकूंना विचारून ये."

ती माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ थंडीने फुटलेले होते, त्यांना व्हॅसलिन लावलेलं. मला फक्त म्हणायचं होतं, बदल गं. तीन अक्षरं आणि एक गं. मी म्हणाले,

"पहिल्याच पानाला घाबरलीस होय? सोयुल आहे की. तिला विचारत जा."

"हो काकू."

ती गेली. संत्री मी घरी नेली आणि सोयुलने ती खाल्ली.

वर्षभर नारेने सोयुलला तीन-चारदा काहीतरी विचारलं असेल. सोयुललाच वेळ नसायचा. नारे दुकानात गिऱ्हाईक नसताना पुस्तक उघडून बसायची आणि आई तिला हात लावू द्यायची नाही, "बस तू, फिजिक्स आहे तुला," म्हणायची. तो शब्द ती अभिमानाने म्हणायची, आलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा.

दोन्ही सहामाह्यांत फिजिक्समध्ये पहिला आला औषधवाल्यांचा इन्सोप. सोयुल दुसरी.

पहिल्या निकालाच्या दिवशी जेवताना सोयुलने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तिला असे हिशेब आवडतात. "गंमत बघ आई. तेरा जणांत पहिली पायरी एकाला. दुसरी पायरी कुणालाच येत नाही, हिशेबात बसतच नाही. म्हणजे दुसऱ्या नंबरला, मला, थेट तिसरी. आणि बारा असते तर इन्सोपला दुसरी आणि मला तिसरीच." तिने पेन खाली ठेवलं. "माझं काही बदललंच नाही. इन्सोपचं बदललं."

तिचा बाप म्हणाला, "भात निवतोय."

"आणि तळाला," सोयुल म्हणाली, "बारा जणांत नववी पायरी येतच नाही. आठवीवर संपतं. तेरावा आला म्हणून नववी उघडली." "नारेला नववी मिळाली."

मला खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिला राग इन्सोपच्या आईचा आला. तिच्यासाठी मी एवढं केलं आणि तिला फुकटात मिळालं, असं. नारे माझ्या मनात आली ती रात्रीची भांडी आवरून झाल्यावर. हा क्रम मी कुणाला सांगितलेला नाही.

बारावीनंतर नारेने शेजारच्या शहरातल्या नर्सिंग कॉलेजात अर्ज केला. लहान गावांतल्या मुलांसाठी तिथे वेगळ्या जागा असतात, आणि त्या शाळेच्या गुणांवर भरतात. ती प्रतीक्षा यादीत चौथी होती. यादी तिसऱ्या नंबरपर्यंत सरकली आणि थांबली.

सोयुलला सोलच्या नाही पण देगूच्या चांगल्या कॉलेजात जागा मिळाली होती. बॅग भरता भरता ती म्हणाली, "आई, मी नारेचे गुण लावून बघितले. फिजिक्सच्या जागी नुसती पाचवी पायरी धरली तरी ती पहिल्या फेरीतच आत होती."

"हं."

"तूच सांगितलं होतंस ना काकूंना, फिजिक्स घ्यायला?"

मी मोज्यांच्या जोड्या लावत होते. "मी कशाला सांगू," म्हणाले.

मग तिने माझ्या हातातले मोजे घेतले आणि स्वतः जोड्या लावायला लागली. अजून ती सुट्टीत घरी आली की मला बॅग भरू देत नाही.

नारेच्या आईने मला निकाल दुकानातच सांगितला. चिमटा हातात होता. "एक विषय बसला हो खाली. फिजिक्स. मेलं माझंच डोकं गेलंय तिच्यात, गिरणीतल्या शाळेतलं. तुम्ही बिचाऱ्या चांगलंच सांगत होतात." आणि काट्यावर तीनशे आल्यावर तिने वरचा घास टाकला. नेहमीपेक्षा मोठा. माझी सोयुल कॉलेजात गेली म्हणून.

त्यानंतर मी रस्ता ओलांडणं कमी केलं. नवऱ्याला पाठवायचे. तो परत आल्यावर सांगायचा, "विचारत होत्या, ताईंची तब्येत बरी आहे ना." मग मी सुपरमार्केटातले बंद डबे आणायला लागले. ते गोड लागतात. नारेने आठ महिन्यांचा सहायिकेचा कोर्स केला आणि वृद्धाश्रमात लागली. नर्स नाही, नर्सच्या हाताखालची. रस्त्यात भेटली की सायकलवरून उतरून नमस्कार करायची. "काकू, गुडघा कसा आहे?" मी तिला गुडघ्याचं कधी सांगितलं होतं तेही मला आठवत नव्हतं.

असं वर्ष गेलं. पुन्हा नोव्हेंबर आला, आणि एका दुपारी दाराची बेल वाजली. नारेची आई. एका हातात किमचीचा डबा, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. तीच असावी, कडेला जुन्या तिखटाचा डाग होता. आत फॉर्म होता.

"आरमचा आलाय," ती चपला काढत म्हणाली. "तुम्ही दिसतच नाही हल्ली, म्हणून म्हटलं आपणच जावं. सांगा काय काय घेऊ. ही काहीच बोलत नाही, नुसती चित्रं काढते. नारेच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. टोमणा होता का, ते शोधत होते. टोमणा नव्हता. असता तर सोपं झालं असतं. तिने पिशवीतून फॉर्म काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर सरळ केला आणि पेन्सिल माझ्याकडे केली.

मी पेन्सिल घेतली नाही. म्हणाले, "नर्सिंगला फिजिक्स लागतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"फिजिक्सला बारा जण होते. तेरा झाल्याशिवाय कुणाला पहिली पायरी मिळत नाही. मला सोयुलसाठी तेरावं कुणीतरी हवं होतं."

तिने डब्याचं झाकण नीट बसलंय का ते बोटाने चाचपलं. मग म्हणाली, "म्हणजे एक कमी पडत होती."

"हो."

"आणि सोयुलला मिळाली पहिली?"

"नाही. इन्सोपला."

ती हसली. खरंच हसली, नाकातून, जरासं. "म्हणजे तुमच्याही हाती काही नाही लागलं."

"नाही."

"नारे आली होती की तुमच्याकडे. वाचनालयात. बदलायचे दिवस होते तेव्हा." आता ती टेबलाशी बोलत होती. "घरी येऊन म्हणाली, आई, काकू म्हणाल्या जमेल. माझं मन होईना. रात्री मी तिला म्हटलं, अगं, त्यांना कळतं. त्या म्हणतात तर जमेलच."

मी चुकले, मला माफ कर, असं मी म्हणाले. ते शब्द मी वर्षभर घोकले होते, पण टेबलावर पडल्यावर ते इतके हलके वाटले की मी ते पुन्हा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा आणखी वाईट वाटले. मग मला वाटलं, निदान कामाचं काहीतरी करावं. म्हणाले, "आरमचं मी नीट बघते. कू सरांकडे जाते, कुठल्या विषयाला किती नावं आहेत ते विचारून—"

"नको."

ती उठली. फॉर्म पिशवीत घातला, पिशवीचं तोंड दुमडलं. "किती नावं आहेत ते नको. तिला काय आवडतं ते तिलाच विचारते. तसंच लिहिलंय वर."

दारात चपला घालायला तिला वेळ लागला. तिने वाकून नमस्कार केला, गिऱ्हाइकाला करतात तसा, आणि गेली. किमचीचा डबा टेबलावर राहिला होता. आठ दिवसांनी मी तो धुऊन, रिकामा परत द्यायला लाज वाटली म्हणून आत नासपती घालून, दुकानात घेऊन गेले. तिने डबा घेतला आणि नासपती बाहेर काढून माझ्या पिशवीत परत ठेवल्या, एकेक करून, खरचटू नयेत अशा.

आता मी दर शनिवारी रस्ता ओलांडते. सुपरमार्केटात जाणं सोपं होतं, म्हणून जात नाही. आरमने भूगोल आणि आणखी दोन विषय घेतलेत असं ऐकलं. भूगोलाला सातच मुलं आहेत. दुकानाच्या भिंतीवर परवान्याशेजारी तिने काढलेला कोरियाचा नकाशा आहे, डोंगर तपकिरी रंगाने भरलेले.

"तीनशे ग्रॅम कमळकाकडी," मी म्हणते.

काट्यावर आकडा येतो. तीनशे. नारेची आई चिमटा बाजूला ठेवते, झाकण लावते. "अजून काही, सोयुलच्या आई?"

"नाही. एवढंच."

गेल्या शनिवारी माझ्यामागे तिसऱ्या मजल्यावरची नवीन सून उभी होती. तिनेही कमळकाकडीच मागितली, तीनशे ग्रॅम. मी पैसे पाकिटात ठेवत होते. काट्यावर आकडा आला, आणि चिमटा पुन्हा परातीत गेला.